नाथसागराच्या तळाची तार

"मॅडम, समुद्रात विजेची तार बुडवल्यावर शेजारच्या देशात दिवे लागतात, का मासेच तळून निघतात?"

नववीचा वर्ग खो खो हसला. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज निकिताने लावली होती, आणि राजनंदिनीने तो ठणकावून विचारला!

पाहुण्या सुरेखा मॅडम समुद्राखालून दोन देश जोडणाऱ्या केबल टाकायच्या. त्या हसल्या नाहीत. "केबलला जाड कवच असतं, मासे सुखरूप! पाण्याखाली लांब जायला मात्र बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. सांगायला सोपं, टाकायला अवघड. बघतेस टाकून?"

"बघते!"

"ही?" निकिता फिसकन हसली. "दिवाळी झाली की ही चालली आईबापासंगं ऊस तोडायला. पुढची शाळा कुनी बघितली!"

खरं होतं, म्हणूनच ते झोंबलं. राजनंदिनीने मनाशी गाठ मारली, धरणाच्या पलीकडच्या काठावर दिवा लागला, तर मनातलं घरी सांगायचंच!

रविवारी सकाळी नाथसागर धरणाच्या पाण्याच्या एका चिंचोळ्या फाट्यावर मोहीम निघाली. अलीकडे ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन तिचे आईवडील, विजयमाला आणि सहादेव. पलीकडे दिवा घेऊन निकिता. मासे धरणाऱ्या लंकाबाईच्या होडीत सुरेखा मॅडम, राजनंदिनी आणि चारशे मीटर तारेचं रीळ.

अर्ध्यात वारा सुटला. लाटा होडीवर थडकू लागल्या. तोच तार ताणली, आणि होडी कलंडली!

"खाली बुडालेलं जुनं गाव हाय! भिंतीत अडकली!" लंकाबाईने कोयता उचलला. "पोरी, कापते!"

"थांबा, मावशी!"

राजनंदिनीने खाली पाहिलं. तिचा पाय रिळावर घट्ट रोवलेला होता. सुट्टीत उसाच्या फडात मोळ्या आवळून आवळून अंगात मुरलेली खोड! सैल मोळी सुटते, हे तिला ठाऊक होतं. पण ही मोळी नव्हती. ही तळावर निजायला हवी होती!

तिने पाय काढला. रीळ गरगरलं. तार सैल पडली, भिंतीवरून ओघळली, खाली बसली. होडी सरळ झाली!

पण सैल सोडलेली तार काठाआधीच संपली. दहा हात पाणी उरलं! टोक घट्ट धरून राजनंदिनीने कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली. "निके, दिवा आन!"

निकिता क्षणभर थबकली. मग चपला फेकून, दिवा डोक्यावर धरून, धडाधडा पाण्यात शिरली. जोडणी झाली.

दिवा लागला!

"जिंकलीस गं भवाने!" निकिता किंचाळली.

परतताना लंकाबाई वल्हं मारत म्हणाली, "माज्या घरात एक खाट रिकामीच अस्ती बघ, पोरी."

काठावर सहादेव बॅटरीपाशी ताटकळला होता. राजनंदिनी निथळत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, आई, औंदा मी उसाला येनार न्हाई. लंकामावशीकडं ऱ्हाऊन शिकनार, आन् समुद्रात तारा टाकनार. इचारत न्हाई, सांगतेय!"