आत किती माणसं

अंबरनाथच्या एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी असते. लाइनची कामं त्याच दिवशी निघतात. वीज सकाळी जाते आणि दुपारी कधीतरी येते. एरवी चोवीस तास घरघरणारे कारखाने मग असे गप्प होतात, की रस्त्याने जाणाऱ्याला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यावा.

अशाच एका शुक्रवारी यशोधराताई डबा घेऊन रंगाच्या कारखान्यात आल्या. काम नेहमीचंच होतं. सर्व्हरचं जुनं मशीन जाऊन नवं कोरं आलं होतं. वीज आली की सगळं आपोआप सुरू व्हावं, म्हणून त्याची सुरुवातीची फाइल लिहायची होती. ताई बारावी शिकलेल्या. आधी टेलिफोनवर लागल्या, मग हजेरीवर आल्या. कंपनीने 'जावा' या संगणकाच्या भाषेवर चालणारं हजेरीचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा इंजिनिअरच्या मागे उभं राहून, वहीत उतरवून शिकल्या. मेमरी किती द्यायची, कोणत्या पोर्टवर बोलायचं, नोंदी कुठे ठेवायच्या, सगळं त्यांना पाठ होतं. आणि शेवटची ओळ, मोजणी कितीपासून धरायची.

ही मोजणी भट्टीतल्या माणसांची. भट्टी म्हणजे रंगाची पावडर सुकवायची लोखंडी खोली, ताईंच्या खिडकीसमोर, आवाराच्या पलीकडे. आत जाताना कार्ड दाखवायचं, बाहेर येताना दाखवायचं. दारावर लाल आकड्यांची पाटी. पाटीवर शून्य दिसलं तरच बाहेरून कडी घालायची, आणि कडी पडली की भट्टी तापू लागते.

पण माणसं बाहेर येताना कार्ड विसरत आणि आकडा अडकून बसे. तेव्हा मॅनेजर गुरुदत्त सरांनी हुकूम दिला, सर्व्हर सुरू होताना मोजणी शून्यापासून धरा. ताईंनी ती ओळ लिहिली. आपल्या हातांनी लिहिली.

तीन महिन्यांपूर्वी, शुक्रवारीच, सुजित नावाचा कामगार वीज जायच्या आधी कार्ड दाखवून, बॅटरी घेऊन भट्टी साफ करायला आत गेला. वीज गेली आणि त्या दिवशी लवकर आली. सर्व्हर नव्याने सुरू झाला, पाटीवर शून्य आलं. वॉचमन बबनने पाटी बघितली आणि कडी घातली.

पुढे कंपनीने लिहिलं, पाटीवर शून्य होतं, म्हणजे सुजित कामासाठी आत नव्हताच, झोपायला लपून शिरला असेल. त्याची बायको किर्ती दर सोमवारी गेटवर यायची. तो कामावर होता, एवढंच लिहून द्या, म्हणायची. तिला चहा पाजून परत पाठवत. उद्या तपासणीचे साहेब यायचे होते, आणि सरांचं सांगणं होतं की नव्या मशीनमध्येही तीच ओळ हवी, म्हणजे ती चूक होती असं कोणाला वाटणार नाही.

ताईंच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्यांनी बॅटरीवर मशीन चालू करून फाइल लिहिली. शून्य लिहिलं.

अडीचला वीज आली. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटची थांबली. सगळं व्यवस्थित सुरू झालं होतं. बाहेर भट्टीपाशी बबन उभा होता. तो वळून खिडकीकडे आला. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"ताई... एक दाखवतोय."

आत कोणी नव्हतं. दाराला तीन महिने कंपनीचं कुलूप होतं. ताईंनी फाइल उघडून पाहिली, शून्य जागेवर होतं. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा एक. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात कीबोर्डवरच थांबले. नव्या मशीनमध्ये जुन्या नोंदी अजून उतरवल्याच नव्हत्या. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. मग हा एक आला कुठून?

त्यांनी यादी उघडली. एकच ओळ होती. सुजितचं नाव, तीन महिन्यांपूर्वीची तारीख, आत गेल्याची वेळ. बाहेर आल्याची जागा रिकामी.

आवारातून वास येऊ लागला. करपलेल्या पावडरीचा, जिभेवर कडू बसणारा. त्या शुक्रवारी आला होता तोच.

तेवढ्यात सरांचा फोन आला. ते बदलापूरला शिरगावात, घरी होते. ताईंनी पाटीचं सांगितलं. सर आधी हसले. मग म्हणाले, पाटीची वायर काढून ठेवा, उद्याच्या कागदावर हाताने शून्य लिहा, मी सही करतो.

ताई जन्मात कोणाला वर तोंड करून बोलल्या नव्हत्या. पण समोर ती रिकामी जागा होती.

"नाही लिहिणार, सर," त्या म्हणाल्या. आवाज बारीकच होता. "शून्याची ओळ मी काढतेय. आणि ती कोणी लिहायला सांगितली होती, तेही उद्या लिहून देणार आहे."

"मॅडम, रिटायर व्हायचंय ना नीट? ज्याने ओळ लिहिली तोच लटकतो. सांगणारा नाही."

"लटकीन," ताई म्हणाल्या, आणि ओळ पुसली. फाइल जपून ठेवली. सॉफ्टवेअर तिसऱ्यांदा सुरू केलं.

बाहेरून बबन कसाबसा बोलला, "दोन... ताई, दोन झाले."

यादीत दुसरी ओळ आली होती. गुरुदत्त सरांचं नाव. आजची तारीख. आत गेल्याची वेळ, दोन पंचावन्न. ताईंनी घड्याळ पाहिलं. दोन पंचावन्नच वाजले होते.

फोनमध्ये सर घरातल्या कोणाशी तरी बोलत होते. "मीनल, पंखा लाव... अगं लाव ना. काय उकडतंय... हे दार कोणी लावलं?" मग श्वासांचा आवाज. मग अगदी फोनला तोंड लावून, "मॅडम... शून्य करा. आत्ता करा."

"शून्य लिहून कोणी बाहेर येत नाही, सर. दार उघडावं लागतं."

त्या उठल्या. बबनकडे किल्ली मागितली. तो देईना. मी पाटी बघूनच कडी घातली होती ताई, एवढंच म्हणत राहिला. त्यांनी त्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. कुलूप हाताला पोळलं. पदरात धरून त्यांनी ते फिरवलं, कडी सारली आणि दोन्ही हातांनी दार ओढलं.

तीन महिने थंड पडलेल्या भट्टीतून गरम वारा आला. आत काहीच नव्हतं, रिकाम्या पत्र्याच्या मांडण्या होत्या फक्त.

"सुजित," ताई म्हणाल्या, "तू कामावर होतास. मी लिहून देतेय. ये बाहेर, बाळा."

वारा दोघांच्या मधून गेला. बबनने डोळे मिटून हात जोडले. कार्डाचं यंत्र एकदाच वाजलं, आणि वर पाटीवर दोनाचा एक झाला.

ताई यादी बघायला धावल्या. सुजितच्या नावापुढची जागा भरली होती. दुसरी रिकामीच होती. फोनवर सर आता सावरले होते. घरचा एसी बंद पडला होता म्हणाले. दार सताड उघडं आहे, खरं काय ते सांगून टाका सर, ताईंनी विनवलं. उद्या मी यायच्या आत शून्य दिसलं पाहिजे, एवढं बोलून सरांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. शून्याची ओळ कोणाच्या हुकमाने लिहिली ते सांगणारा, स्वतःच्या सहीचा कागद ताईंनी त्यांच्या हातात दिला. शेजारी ताईंनी बोलावलेली किर्ती उभी होती. साहेब कागद दोनदा वाचून म्हणाले, भट्टी बघू. सर हसतच पुढे झाले, आमची व्यवस्था अगदी चोख आहे म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी यंत्राला कार्ड दाखवलं.

लाल दिवा लागला. पडद्यावर ओळ आली. हे कार्ड आधीच आत आहे.

सर पुन्हा पुन्हा कार्ड लावत राहिले. मग वळले. त्यांच्या चष्म्याच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या आणि सदरा अंगाला चिकटला होता. बाहेर उघड्या आवारात, वाऱ्यात उभे राहून ते समोरच्या हवेवर दोन्ही मुठी आपटू लागले.

आणि प्रत्येक वेळी लोखंडाचा आवाज येत होता.