रिकाम्या सीटचा पट्टा

नवी गाडी दारात आली की माणसं तिला हार घालतात. आदितीनं हारही घातला आणि वर गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तकही वाचून काढलं. सुरुवातीला गाडी रगडायची नाही, उगाच करकचून ब्रेक मारायचा नाही, इंजिनाला रुळायला वेळ द्यायचा. हे सगळं तिनं नवऱ्याला, पारसला, मोठ्यानं वाचून दाखवलं.

"गाडी आणलीय का सून आणलीय गं?" पारस हसला.

सुनेला एवढं कोण जपतं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

पांढऱ्या सेडानची एक खोड लवकरच कळली. चालकाशेजारची सीट रिकामी असली तरी पट्ट्याचा दिवा लागायचा आणि टिंग-टिंग सुरू व्हायचं. पारस म्हणाला, तू पर्स ठेवली असशील. पर्स मागं होती. शोरूमवाल्यांनी तपासून सांगितलं, सेन्सर ठणठणीत आहे. म्हणजे बिघाड आदितीतच, आणि हे ऐकायची तिला सवय होती. शेवटी ती त्या रिकाम्या सीटला पट्टा लावूनच गाडी हाकायला शिकली. पट्टा लावला की गाडी गप्प व्हायची. फक्त रिकाम्या सीटवर पट्टा सपाट पडायला हवा ना? हा पोटाशी जरासा फुगून राहायचा. आदिती तिकडं बघायचं टाळायची.

मग एका दुपारी भरतेशदाजी जेवायला आले.

भरतेशदाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, राजमतीआक्काचे यजमान. आक्का दोन वर्षांपूर्वी वारणानगरच्या रस्त्यावर गेली, अंबाड्यात अबोली माळून दाजींच्या शेजारी बसलेली असताना. दाजींना पट्ट्याची टिंग-टिंग सोसायची नाही. म्हणून आक्काच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या खोबणीत त्यांनी बाजारात मिळते ती नुसती क्लिप अडकवून ठेवली होती. गाडीला वाटायचं, पट्टा लागलाय. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. कारण नेहमीचंच, आक्काला मूल नव्हतं. आक्कानं गाडीतूनच आदितीला फोन लावला होता.

"लई जोरात चालवायला लागलेत गं... पट्टा लावावा म्हटलं तर लागत न्हाय..."

पुढं नुसता आवाज.

आदितीनं हे घरात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, अपघात तो अपघात म्हणाले आणि दाजींना जेवायला वाढलं. आजही तिनंच वाढलं होतं. भाकरी वाढताना तिचा हात थरथरला नाही, याचाच तिला राग आला.

"वारणानगरापतूर मीच नेतो गाडी," जेवून उठताना दाजी म्हणाले. "मला सोडून येताना आण की तू."

पारसनं दुकानातून फोनवर सांगितलं, "दाजींना नाही म्हणू नकोस."

घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चार वर्षांच्या आदर्शलाही बरोबर घ्यावं लागलं. त्याची छोटी सीट मागं डावीकडं बांधलेली होती. आदिती त्याच्या शेजारी बसली.

"पुढं बस की."

"नको. इथंच बरी आहे."

गाडी निघाली आणि टिंग-टिंग सुरू झालं. दाजींनी रिकाम्या सीटकडं बघितलं, हसले आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातली क्लिप सोडवून शेजारच्या खोबणीत दाबली. आवाज थांबला.

"हे ह्याचं औषध," दाजी म्हणाले.

क्लिपचा एक कोपरा तुटलेला होता. आदितीनं आदर्शचा हात हातात घेतला.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोडसर धूर. गाडीतल्या नव्या प्लास्टिकच्या वासात तो मिसळला.

"दाजी, सावकाश. गाडी नवी आहे."

"नवी गाडी रगडल्याशिवाय मोकळी होत न्हाय. बाईमाणसागत असतंय ते."

वेगाचा काटा वर चढत होता. कोडोलीच्या अलीकडचं, आक्का गेली ते वळण आता लांब नव्हतं.

"आई, पट्टा नको ओढू की," आदर्श कुरकुरला.

"मी नाही ओढत, बाळा..."

त्याचा पट्टा हळूहळू आवळत होता. मग तिचाही आवळला. आईनं गर्दीत पोरांना पोटाशी धरावं, तसं कुणीतरी दोघांना सीटशी घट्ट धरून ठेवलं होतं.

टिंग-टिंग. टिंग-टिंग.

या खेपेला आवाज दाजींच्या सीटचा होता. त्यांचा पट्टा सुटून खांद्याशी परत गेला होता. एका हातानं त्यांनी तो ओढला, खोबणीत दाबला. परत दाबला.

"लागत न्हाय... आत कायतरी हाय..."

त्यांनी खाली बघितलं. तुटक्या कोपऱ्याची क्लिप त्यांच्या स्वतःच्या खोबणीत बसली होती, तरी टिंग-टिंग थांबत नव्हतं. शेजारची खोबण मोकळी होती.

"आदे... तू घातलीस व्हय ही?"

तिचे दोन्ही हात आदर्शवर होते. दाजींनी ते आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ब्रेक लागंना गं... वाक की पुढं! उपट ती क्लिप, मला निघंना!"

आदितीच्या छातीवरचा पट्टा तेवढ्यात सैल झाला. अगदी अलगद. आदर्शचा नाही, तिचा एकटीचाच. वाकायचं असेल तर वाक, असं कुणीतरी तिला सांगत होतं. क्लिप हातभर अंतरावर होती.

आदितीनं पट्टा स्वतःच्या हातानं ओढून घट्ट केला.

वळणावर उसाची ट्रॉली उभी होती.

दाजी जागीच गेले. आदर्शला साधं खरचटलंही नाही. रडून झाल्यावर आदितीला शांत झोप लागली, आणि सकाळी त्या झोपेचीच तिला भीती वाटली.

काही दिवसांनी तिला गॅरेजमध्ये बोलावलं. गॅरेजवाला सयाजी चक्रावून गेला होता.

"वैनी, पुढं डाव्या बाजूला कोण बसलंतं?"

"कुणी नाही."

"मग ही एअरबॅग उघडली कशी? अन् साहेबांची न्हायच उघडली." त्यानं सीटवर लोंबणारं पांढरं कापड उलगडून धरलं. "आन् हे बघा."

कापडावर नाकडोळ्यांची खूण नव्हती. मधोमध खोबरेल तेलाचा गोल डाग होता, बाईच्या अंबाड्याएवढा. त्यात अबोलीची फुलं चिरडून चिकटली होती, अजून ओली. जी कुणी तिथं बसली होती, तिची एअरबॅगकडं पाठ होती. वाटभर तिचं तोंड मागं होतं.

त्या सीटच्या बरोबर मागं आदर्श बसला होता.