आठवी रेघ

ऑफिसात त्याला सगळे गवंडी म्हणत. काम तसंच होतं. व्हिडिओ गेममधल्या लेव्हल बांधायच्या, म्हणजे खेळणारा ज्यातून चालतो त्या गल्ल्या, जिने, खोल्या, गच्च्या. आधी सगळं करड्या ठोकळ्यांनी उभं करायचं, त्यातून माणसं चालवून बघायची, आणि जमलं असं वाटलं की रंगवणाऱ्यांच्या ताब्यात द्यायचं. नऊ वर्षं तो हेच करत होता. त्याचा हात चांगला आहे हे त्याच्याशी न पटणारेही कबूल करत. पण यंदा सातव्या लेव्हलवर गाडी जी अडली ती अडलीच.

खेळ साधा होता. रिकाम्या शहरात एक पोस्टमन फिरतो आणि पत्ते शोधतो. सहा लेव्हल झाल्या होत्या, सातवीत शेवटचं पत्र पोचवायचं होतं. गवंडी सकाळी खुर्चीत बसायचा, एखादं घर उभं करायचा आणि जेवणानंतर पाडायचा. सल्ले द्यायला काय, अख्खं ऑफिस मोकळं होतं. रंगवणारी म्हणाली, फोटो बघ. आवाजाचं काम करणारा म्हणाला, दुसऱ्यांचे खेळ खेळ, नाहीतर सरळ अंघोळ कर, त्याला सगळं अंघोळीतच सुचतं. साहेबांनी जन्मात एक पायरी बांधली नव्हती, तेही उंटावरून शेळ्या हाकून गेले की प्रेरणा आतून यायला हवी. आत काय आहे ते गवंड्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो तिकडे बघत नव्हता.

आत अण्णा होते, त्याचे वडील. अकरा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, ते चपला घालून त्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, चक्कर मारायला येतोस का. तो घरूनच काम करत होता. मान न वळवता तो म्हणाला, "थांबा, एवढी भिंत होऊ द्या." भिंत व्हायला चाळीस मिनिटं लागली. मान वळवली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि अण्णा नव्हते. अलीकडे त्यांची आठवण कच्ची झाली होती, रस्ते चुकायचे. पोलीस झाले, दवाखाने झाले, बसथांबे झाले, पेपरात फोटो झाला. अण्णा सापडले नाहीत, वाईट बातमीही आली नाही. थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

शेवटी साहेबांनी तारीखच ठोकली. तीन आठवड्यांनी येणाऱ्या गुरुवारी, संध्याकाळी पाचला, सातवी लेव्हल कुलूपबंद. नंतर तिच्यात खिळाही ठोकता येणार नाही. गवंड्याने मग कसंबसं एक घर उभं करून दिलं. चार खोल्या, पुढे दार, मागे दार. मागचं दार नुसतं दाखवायला होतं, कारण त्याच्यापलीकडे काहीच नव्हतं. फरशी टाकलेली नाही अशा जागी पाऊल पडलं की खेळणारा खाली पडतो आणि पडतच राहतो. काम पाट्या टाकल्यासारखं झालंय हे त्यालाही कळत होतं.

घर टेस्टरबाईंकडे गेलं. बाईंच्या हाताखाली सात जण होते, दिवसभर लेव्हल खेळून बघणारे. कोण कुठून गेलं, कुठे थांबलं, हे यंत्र आपोआप टिपतं आणि नकाशावर माणशी एक रेघ काढून देतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. खेळणारे सात होते आणि रेघा आठ.

सात रेघा चार खोल्यांत घुटमळून कंटाळून संपल्या होत्या. आठवी मागच्या दारातून बाहेर गेली होती. जिथे काहीच नव्हतं तिथे ती पडली नव्हती. थोडं अंतर चालली होती, डावीकडे वळली होती आणि तिथे संपली होती.

"यंत्र आहे, शिंकलं असेल," टेस्टरबाई म्हणाल्या, आणि पुढच्या कामाला लागल्या.

गवंड्याला मात्र ती रेघ सोडवेना. दुसरं काही सुचत नव्हतं, तर त्याने गंमत म्हणून तिच्याखाली फरशी टाकली. म्हणजे उलटा कारभार. एरवी आधी रस्ता बांधायचा आणि मग त्यावर माणसं कशी चालतात ते बघायचं. इथे चालणं आधी आलं होतं. दुसऱ्या दिवशी आठवी रेघ त्या फरशीवरून गेली, फरशी संपली तरी थोडी पुढे गेली, आणि थांबली.

मग त्याला नादच लागला. रेघ वर चढली की तो पायऱ्या घालायचा. ती कशाला तरी वळसा घालून गेली, तर तिथे त्याने झाड लावलं. एका भिंतीलगत ती फार वेळ रेंगाळली, तिथे त्याने सावली केली. रोज ती थोडी पुढे जायची आणि रोज तो मागून फरशी टाकत यायचा. डबा खायला तो पुन्हा सगळ्यांत बसू लागला. रंगवणारी म्हणाली, मी सांगितलेले फोटो बघितलेस ना. आवाजवाला म्हणाला, अंघोळ केलेली दिसते. साहेबांनी दोन पाहुण्यांना आणून लेव्हल दाखवली आणि गवंड्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्यालाच सुचल्यासारखं समजावत राहिले. त्याने ऐकून घेतलं. इतक्या महिन्यांनी काम मार्गी लागत होतं, कशामुळे लागतंय हे कुणाला सांगायचं कशाला?

पण डोक्याचा भुगा व्हायचा तो होतच होता. एके दिवशी टेस्टरांपैकी एक रजेवर होता. खेळणारे सहा, रेघा सात. गवंड्याने स्वतः जाऊन सहा खुर्च्या मोजल्या. टेस्टरबाईंनी टिपणारं यंत्र दोनदा पुसून नव्याने बसवलं. त्यानंतर त्या शिंकेबद्दल बोलेनाशा झाल्या. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, की आमची मुलं बटण दाबून धरतात आणि पळत सुटतात, ही रेघ पळत नाही. एवढं सांगून त्या खाली निघून गेल्या.

त्याने रेघ मोठी करून बघितली. ती सलग नव्हती. वीस पावलं, मग थांबा. पुन्हा वीस पावलं, मग थांबा. गेममधल्या पोस्टमनची पावलं सगळी सारखी, त्याला तसंच बनवलेलं. ही पावलं आखूड होती आणि डावं उजव्यापेक्षा जरा जास्त आखूड. असं पाऊल त्या गेममध्ये कुणी बनवलेलंच नव्हतं. गवंडी तासभर स्क्रीनकडे बघत बसला. पुढे विचार कुठून सुरू करायचा हेच त्याला कळेना.

रविवारी दुपारी ताई आली. ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांना चालायला शिकवणारी. त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की तू चालण्यातली जाणकार, हा माणूस कसा चालतो बघ. ताई आधी हसली. मग तिने चष्मा लावला, बोट ठेवून ठिपके मोजले, आणि वीसपर्यंत आल्यावर बोट उचललं. थांबलेल्या वेळाचा आकडा वाचला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तू अण्णांचं चालणं कधी टिपलंस?"

"मी नाही टिपलं."

"गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मीच शिकवलं होतं. वीस पावलं, मग दहा आकडे मोजायचे." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त बोट टेबलावरच राहिलं होतं. "हे कुठे चाललंय?"

तो इतके दिवस मागून फरशी टाकत होता, पण पूर्ण नकाशा त्याने एकदाही बाजूला होऊन बघितला नव्हता. आता बघितला. मागच्या दारातून निघालेली रेघ मोठा वळसा घेऊन फिरली होती. तिचं तोंड आता त्याच घराच्या पुढच्या दाराकडे होतं.

"परत येतायत," ताई म्हणाली.

याचा अर्थ काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते मोडलं असतं, असं गवंड्याला वाटलं. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. ताईने अंतर मोजायला लावलं. रोज इतकी पावलं, तर दारापर्यंत शुक्रवार. कुलूप गुरुवारी लागणार होतं, म्हणजे शेवटच्या दिवसाची फरशी टाकायला मिळणार नव्हती. दार शुक्रवारपर्यंत मोकळं राहायला हवं, एवढंच काम होतं. निघताना ताई उंबऱ्यावर थांबली. "उंबऱ्याशी ते अडतात, हात धरल्याशिवाय ओलांडत नाहीत. पोचले की मला लगेच कळव."

सोमवारी त्याने पोस्टमनची गोष्टही तशीच वळवली. शेवटच्या पत्रावर पोस्टमनच्या स्वतःच्याच घराचा पत्ता. मागच्या दाराने निघायचं, शहर पालथं घालायचं आणि पुढच्या दाराशी यायचं. पायरीवर पाय पडला की पत्र आत सरकतं आणि खेळ संपतो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्याने एक दिवस जास्त मागितला, तेव्हा मात्र ते घड्याळाकडे बघून नाही म्हणाले.

बुधवारी रेघ दारापासून ऐंशी पावलांवर होती.

गुरुवारी त्याने रेघेची वाट बघितली नाही. तिच्या टोकापासून दारापर्यंत सरळ रस्ता टाकला. खड्डा नाही, दाराशी एक सोडली तर पायरी नाही, चढ नाही. दर वीस पावलांवर एक बाक. कडेला धरायला कठडा. नऊ वर्षांत इतक्या मायेने त्याने काही बांधलं नव्हतं. पाचला दहा मिनिटं असताना काम संपलं, त्याने जपून ठेवलं आणि पाचला साहेबांनी कुलूप घातलं. घरी जाताना तो चक्क शीळ घालत होता.

शुक्रवारी अकराला रिपोर्ट आला. आठवी रेघ नव्या रस्त्याने आली होती. प्रत्येक बाकावर थांबली होती. पायरीवर चढली होती. आणि दाराच्या एक पाऊल अलीकडे उभी होती.

त्याने स्क्रीनवर यंत्राचा चालू नकाशा उघडला. रेघ पुढे सरकायची आणि पुन्हा तिथेच यायची.

मग त्याला कळलं.

या धंद्यात शेवटची फरशी टाकली की कडा बंद करतात. एक बटण दाबायचं, की जिथे जिथे फरशी संपते तिथे न दिसणारी भिंत उभी राहते, म्हणजे खेळणारा खाली पडत नाही. नळ बंद करावा तसं ते हाताकडून आपोआप होतं. काल झालं होतं. नव्या रस्त्याची शेवटची पायरी आणि जुनं घर यांच्या मधे केसाएवढी फट राहिली होती. यंत्राने ती फटही कड धरली आणि भिंत बरोबर दारात उभी केली. टेस्टरांना पत्ताही लागला नव्हता, कारण पायरीवरच खेळ संपत होता.

तो साहेबांकडे धावला. कुलूप काढा म्हणाला, पाच मिनिटं द्या. साहेबांनी शांतपणे सांगितलं की लेव्हल काल संध्याकाळीच बाहेर गेली, आता ती आपल्या हातात नाही. मग त्यांनी विचारलं, "पण दारातून आत जायचंय कुणाला?"

गवंडी तसाच आपल्या जागेवर परत आला.

त्याने ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. भिंत माझ्याच हाताने झाली, हेही सांगितलं.

"किती लांब आहेत?"

"एक पाऊल."

"उभेच आहेत?"

"सकाळपासून."

"इतका वेळ नाही उभं राहवत त्यांना," ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

चारला दुसरा रिपोर्ट आला. टेस्टरबाई तो घेऊन स्वतः आल्या, टेबलावर ठेवला आणि गेल्या.

खेळणारे सात. रेघा नऊ.

नववी मागच्या दारातून निघाली होती. लांब, भराभर पावलं. झाडापाशी थांबली नव्हती, बाकांवर थांबली नव्हती. सगळा वळसा एका दमात चालून ती पायरीवर आली होती आणि आठवीच्या उजव्या बाजूला, अगदी लगत, उभी राहिली होती.

मग दोन्ही रेघांनी दाराकडे एक पाऊल टाकलं होतं. तिथेच राहिल्या होत्या. पुन्हा टाकलं होतं. त्याने मोजलं, सात वेळा.

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. मग तिच्या दवाखान्यात लावला. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम दुपारीच गेल्या, वडिलांना घेऊन येते म्हणाल्या.

त्याने फोन ठेवला आणि पुन्हा स्क्रीनवरच्या चालू नकाशाकडे बघितलं.

दोन्ही रेघा आता दारापासून वळल्या होत्या. शेजारी शेजारी, सावकाश, वीस पावलं आणि थांबा. रस्ता सोडून त्या डावीकडे निघाल्या होत्या, आणि तिकडे त्याने काहीच बांधलेलं नव्हतं.