दार लाव

मोबाइल खाली ठेवा. मी एकदाच सांगणार. मध्ये कुणी पाणी प्यायला उठायचं नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या ओळखीचा होता. मिस्त्री. दुकानांचे मोठे फ्रीज, बर्फाची यंत्रं, कोल्ड रूम, सगळं दुरुस्त करायचा. पंधरा वर्षं आम्ही एकाच गल्लीत काम केलं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. मुळात बोलायचीच सवय कमी होती.

एकच खोड होती त्याला. देव सांगेल ते करायचा. आवाजबिवाज काही यायचा नाही. छातीत एक गोष्ट येऊन बसायची आणि ती केल्याशिवाय उठायची नाही. त्यापायी हातातलं काम अर्धवट टाकून घरी आलाय, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यात. बायको म्हणायची, "तुमच्या देवाला एकदा तुम्हाला भाजी आणायलाही सांग म्हणावं." तो हसायचा नाही.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख होती, मंगळवार. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी फुलांच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. कोल्ड रूम गार होत नव्हती. मिस्त्रीने मेहुण्याला मागे बसवलं आणि स्कूटर काढली.

शेठचं घर वर, गोदाम खाली. गोदामाच्या कोपऱ्यात ती खोली. दहा बाय आठ. पत्र्याच्या भिंती, चार इंच जाड दार, आत बादल्यांमधून गुलाब उभे. खिडकी नाही. भिंतीवर तापमानाचा काटा. तो असायला हवा दोनवर, होता चौदावर.

"तीन दिवस झाले," शेठ म्हणाला. "दिवसा ठीक असतं. संध्याकाळ झाली की चढायला लागतो."

मिस्त्रीने सगळं तपासलं. गॅस बरोबर. पंखा बरोबर. दाराचं रबर बरोबर. तो काट्याकडे बघत उभा राहिला. आमच्या धंद्यात हे शिकवावं लागत नाही. जिवंत माणूस आत उभा राहिला की गारवा खातो. दोन माणसं तासभर आत राबली की काटा चढतो. इथे तर आत कुणीच नव्हतं.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "कुणीतरी भाड्याने राहायला आलेलं दिसतंय."

"काका आहेत," जिन्यावरून आवाज आला.

शेठची पोर. चार वर्षांची, घरात तिला चिमणी म्हणायचे. शाल गुंडाळून पायरीवर बसली होती. डोळे तांबडे.

"त्यांना गार लागतं. बाबा रात्री दार उघडतात ना, तेव्हा ते वर येतात. माझ्या उशाशी बसतात."

"तीन दिवस ताप आहे," शेठ घाईने म्हणाला. "रात्री भट्टीसारखी तापते. डॉक्टरलाही काही सापडत नाही. बडबडते काहीतरी. चल गं वर."

तो तिला उचलून घेऊन गेला. तिचा हात जाता जाता मिस्त्रीच्या मनगटाला लागला. चटका बसल्यासारखं झालं.

आता नीट ऐका. त्या दाराला बाहेरून कडी असते. आतून उघडायला दारातून आरपार एक सळई असते. आतून ढकलली की बाहेरची कडी सुटते. ती सळई वाकली होती. मिस्त्रीने ती काढली आणि मेहुण्याकडे दिली. "वेल्डरकडून सरळ करून आण." मेहुणा गेला. दारात अंगठ्याएवढं भोक राहिलं.

मिस्त्री उंबऱ्यात एकटा उभा होता. आणि छातीत ते येऊन बसलं.

दार लाव.

बाहेरून लावायचं असेल म्हणून तो मागे सरकला. ते उठेना. आत जा. दार लाव.

तो मनात भांडला, हे त्यानेच मला सांगितलं. सळई नाही. अंगात एक शर्ट. लावलं तर माझ्या हाताने उघडणार नाही. हा शहाणपणा नाही.

दार लाव.

तो आत गेला. दोन्ही हातांनी दार ओढलं. बाहेर कडी पडल्याचा आवाज झाला.

त्याने काट्याकडे पाहिलं. चौदा. आत तो एकटा होता. बादल्या होत्या. गुलाब होते. मागच्या रांगेतले गुलाब हलत होते.

पंधरा मिनिटांनी मेहुणा आला. भोकातून ओरडला, "दाजी! आत अडकलात की काय? थांबा, उघडतो."

"हात लावू नकोस."

"आं?"

"सकाळी उघड. मी सांगेन तेव्हा."

"डोकं फिरलंय का तुमचं? गारठून मराल. ताईला मी काय सांगू? तुमच्या देवाने फ्रीजमध्ये ठेवलंय म्हणून?"

"काय सांगायचं ते सांग. दार उघडायचं नाही."

"मग मशीन तरी बंद करतो."

मशीनचं आणि दिव्याचं बटण एकच होतं. मशीन बंद म्हणजे अंधार. त्याने पुन्हा मागच्या रांगेकडे पाहिलं.

"चालू राहू दे," तो म्हणाला.

नऊ वाजता शेठ माल ठेवायला उतरला. त्याने तर आकाशपाताळ एक केलं. "माझी खोली, माझी फुलं, आणि तू आत कोंडून घेतोस? पोलिसांना बोलावू?"

"शेठ, आधी वर जा. पोरीच्या कपाळाला हात लावून ये. मग तुला वाटलं तर उघड."

शेठ शिव्या देत वर गेला. बराच वेळ लागला. परत आला तेव्हा भोकाशी नुसता श्वास ऐकू आला.

"घाम आलाय तिला," तो हळू म्हणाला. "उतरलाय… झोपली."

त्याने माल बाहेरच ठेवला. दाराला हात लावला नाही.

काटा उतरत होता. दहा. सहा. दोन. मिस्त्रीचे दात वाजू लागले. तो दाराशी बसला, गुडघे पोटाशी घेतले. मागच्या रांगेतून बादली सरकल्यासारखा आवाज आला. मग गप्प. मग आणखी एक बादली. जवळची.

बारा वाजून वीस मिनिटांनी दिवा गेला. पंखा चालूच होता.

दारात तेवढा एक पिवळा ठिपका उरला. गोदामातल्या उजेडाचा.

"दाजी," मेहुण्याचा आवाज आला. "बास झालं. नुसतं हो म्हणा. उघडतो."

मिस्त्रीने भोकाला कान लावला. बाहेर मेहुणा घोरत होता.

आवाज मागून आला होता.

"दाजी… हो म्हणा."

तो बोलला नाही.

"मिस्त्री," आता शेठचा आवाज. "पोर डोळे उघडत नाहीये हो. दार उघडायला सांगा."

तो बोलला नाही. शर्टाची कॉलर दातात धरली. एक हाक मारली असती तर मेहुणा उठला असता. एक शब्द. तोंडापर्यंत आला होता.

"काका." चिमणीचा आवाज. अगदी कानाशी. "मला गार लागतंय."

तेव्हा त्याने देवाला विचारलं. आता उघडू?

काही आलं नाही.

पुन्हा विचारलं.

काहीच नाही. पहिलं सांगणं तेवढं तसंच बसलेलं. दार लाव. त्याच्यापुढे ना कारण, ना धीर.

तो बसून राहिला.

मग त्याच्या पाठीला पाठ लागली.

गरम. तापलेल्या माणसासारखी. टेकली. हलली नाही. दाराकडे सरकायला जागा नव्हती. मागे वळायची छाती नव्हती. ते थरथरत होतं… आणि तोही थरथरत होता… आणि कोण कुठे संपतं, ते कळेना.

दोन अंशांवर, एका शर्टात. नऊ तास. माणूस टिकत नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी छातीतलं ओझं उठलं. "उघड," तो म्हणाला. आवाज फुटेना, म्हणून दारावर बुक्क्या मारल्या. मेहुणा धडपडत उठला. दार उघडलं. आत बादल्या, गुलाब. बाकी कुणी नाही. मिस्त्रीची बोटं निळी पडली होती, तरी जिवंत होता. वर चिमणी दूध मागत होती.

त्यानंतर ती खोली कधी बिघडली नाही. पोरीला ताप आला नाही. मिस्त्रीने सळई बसवली आणि घरी गेला. त्या रात्रीचं हे सगळं त्याने मला एकदाच सांगितलं. शेवटी म्हणाला, "त्याने सांगितलं, मी केलं. का, ते त्याचं तो जाणे." बस.

गेल्या वर्षी तो वारला. झोपेत, म्हातारपणाने. रात्री दहाला गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याला आंघोळ घातली. मी होतो, मेहुणा होता. हातपाय लाकूड झाले होते. अंग दगडासारखं गार. पाठ धुवायला आम्ही त्याला कुशीवर वळवलं. मेहुण्याने हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

मग मी ठेवला.

पाठ कोमट होती.