छत्रातल्या मालनबाईचा चेहरा

अभिमन्यू, तो मोबाईल पालथा ठेव बघू. आणि अक्षरा, तू भिंतीला पाठ टेकून बस. मग मध्येच "अण्णा, भीती वाटते" म्हणायचं नाही. भूतबित सगळं खोटं म्हणता ना? सरी, ठीक आहे. गिरीराजच्या लग्नात मी जेवलोय. त्याचं काय झालं तेवढं सांगतो, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

गेल्या वर्षीची भीमन अमावास्या, गुरुवार. त्या दिवशी इथं, या कानडी मुलखात, बायका नवऱ्याचे पाय पूजतात, त्याला आयुष्य मागतात. गिरीराजची बायको अनुषा निघताना म्हणाली, "दिवेलागणीला या हं. तुमच्याशिवाय पूजा कुणाची करू?"

"स्वल्प काम आहे पेटेत. आलोच," म्हणाला आणि गेला.

काम होतं बळेपेटेतल्या जुन्या छत्राचं. छत्र म्हणजे वाटसरूंना उतरायची धर्मशाळा. मालनबाई नावाच्या एका विधवेनं दागिने मोडून ते बांधलं होतं. मूल नाही, बाळ नाही, मागं नाव घेणारं कुणी नाही. तिचं या जगात राहिलेलं एवढंच, की पडवीच्या भिंतीवर, देवाच्या पायाशी, निरांजन धरलेली तिची छबी रंगवलेली होती. छत्राची दुरुस्ती निघाली, तेव्हा ती जुनी चित्रं उजळायला गिरीराजला बोलावलं. हात सोन्याचा हो त्याचा! काजळी अशी उतरवायचा की खालचा रंग झोपेतून उठल्यासारखा वर यायचा.

पण अक्कल गहाण टाकलेली. दुरुस्तीला पैसा घालणारे शेषगिरी त्याला म्हणाले, "त्या बाईला आता कोण ओळखतो? तिथं आमच्या आईचा चेहरा काढा. माझी पुढची सगळी कामं तुम्हालाच."

आणि या शहाण्यानं मान डोलावली. अरे, देवाच्या समोर चोरी, तीही मेलेल्या बाईच्या तोंडाची! आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एरवी हात लावण्याआधी चित्राचे शंभर फोटो काढणारा माणूस, पण या वेळी एकही काढला नाही. पुरावा कशाला, म्हणाला.

संध्याकाळी कामगार गेले. गिरीराजनं पाती घेतली आणि खरवडायला लागला. खर्र… खर्र… कपाळ गेलं. डोळे गेले. ओठांपाशी पाती अडली. त्यानं जोर लावला. ओठही गेले. खाली पांढरा चुना दिसला.

त्यानं हात थांबवला.

आवाज थांबला नाही.

खर्र… खर्र… भिंतीतून नव्हे. मागून नव्हे. जवळून… फार जवळून. त्यानं गालाला हात लावला. गाल बधिर होता.

"दमलोय," असं स्वतःलाच सांगून तो निघाला. मेट्रोत मोबाईल तोंडासमोर धरला, तो उघडेना. पुन्हा धरला. चेहरा ओळखता येत नाही, म्हणे. व्हाइटफील्डला त्याच्या इमारतीच्या फाटकावर रोज सलाम ठोकणारा वॉचमन आडवा आला. "किससे मिलना है, साब?"

"अरे, इथंच राहतो मी!" त्याला ढकलून गिरीराज वर गेला. बेल दाबली.

दार उघडलं. हातात पूजेचं ताट, तोंडभर हसू. अनुषानं त्याच्याकडे पाहिलं. हसू मावळलं.

"यारू बेकू?"

कोण हवंय, म्हणून विचारलं. पोरांनो, ते मराठी घर! नवराबायको कन्नडात कधी बोलत नसत. ते दाराबाहेरच्यांसाठी.

"अगं, मी…"

"यजमानरु इन्नू बंदिल्ला." साहेब अजून आले नाहीत. आणि दार लागलं. आतून कडी.

तो दार बडवायला लागला. "अनुषा! मीच! गिरी!"

आत ती फोनवर रडवेली झाली होती. "अहो, उचला ना… लवकर या… दारात कुणी माणूस उभाय…"

याच्या खिशातला फोन वाजत होता.

त्यानं उचलला. "अगं, मीच आहे दारात."

आतून तिची किंकाळी. तिला फोनवर काय ऐकू आलं, ते तिनं मला नंतर सांगितलं. बोलणं नव्हतंच. नुसतं… खर्र… खर्र…

त्याची पाचावर धारण बसली. धावत सुटला तो छत्राकडे. तिचा चेहरा तिला परत द्यायचा, पाय धरायचे, आणखी काय करणार? पण तो होता कसा? डोळे कसे? हनुवटी कशी? फोटो नाही. आठवेना.

सकाळी कामगारांनी दार ढकललं. हातात कुंचला, कपाळ भिंतीला टेकलेलं, अंग गार. भिंतभर डोळे काढले होते, नाकं काढली होती. एकही तिचं नव्हतं. त्याच्या तोंडावर साधा ओरखडा नव्हता. तरी सख्ख्या भावानं ओळखलं ते बोटातल्या अंगठीवरून. मालनबाईनं काही सोडलं नाही हो. पुरेपूर वसूल केलं.

तेराव्याला मी गेलो. पाटावर त्याचा फोटो, ताजा हार. नमस्काराला वाकलो आणि…

शर्ट होता. खिशाला पेन होतं. कॉलरच्या वर पांढरं. खरवडलेलं.

"फोटो कुणी खराब केला गं?" मी विचारलं.

अनुषानं फोटोवरचा हार सारखा केला. मग म्हणाली, "सगळे असेच झालेत, अण्णा. लग्नातलेसुद्धा."

मी काचेवरून बोट फिरवलं. काच अख्खी होती.