फाइलचं दहावं

वांग्याच्या शेंड्यातल्या अळ्या मोजायला मला चार महिने लागले आणि त्या नाहीशा करायला एक अपडेट पुरलं. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला, तर प्रोजेक्टच्या चौसष्ट पानांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे. सोमवारी अकराला जमा करायचा होता. कच्च्या नोंदींचे कागद आईने भाजीच्या कॅरेटमध्ये अंथरून केव्हाच सेलूच्या बाजारात पाठवले होते.

"लिहून झालतं ना तुयं?" आई म्हणाली. "मले वाटलं कामाचे नाई."

तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. माझं वर्ष गेलं होतं.

लॅपटॉप आदेशदादाचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याचंही कॉलेजचं शेवटचंच वर्ष होतं. प्रोजेक्ट अर्धा राहिला. तेव्हापासून बाबा एकच म्हणतात, पदवीचा एक कागद या घरात आला पाहिजे.

आमच्या ऑनलाइन ग्रुपात तिघंच: मी, आष्टीचा ऋतिक आणि सिंदी मेघेची उज्वला. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही. दादाचं मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं. मी पाठवलेल्या फाइलच्या फोटोला ऋतिकने हार घातला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि ग्रुपवर टाकला.

'वारली बिचारी. दहावं कधी हाये?'

'आत्ताच,' मी लिहिलं. रडून झालं होतं.

शिळ्या भाताचा गोळा केला, गच्चीवर लॅपटॉपपुढे ठेवला आणि फोन कठड्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. समोरच्या तारेवर चार कावळे बसले होते. एकही खाली येईना.

"इच्छा राह्यली असन तिची," उज्वला म्हणाली. "इचारून पाह्य."

"पुन्हा लिहून काढीन," मी हात जोडले. कावळे ढिम्म.

"पुढच्या खेपेले कॉपी काढून ठेवीन."

ते दोघं खिदळत होते. मला मात्र आता हसू येईना. दादाच्या दहाव्याला धाम नदीच्या काठी आम्ही दीड तास असेच उभे होतो. बाबांनी पिंडासमोर सगळी वचनं देऊन पाहिली. कावळा शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"घे," माझ्या तोंडून गेलं. "तुयंच हाये. घे, दादा."

एक कावळा उतरला. त्याने भाताला चोच लावली.

फोनमध्ये दोघं ओरडले. मी लॅपटॉपकडे पाहिलं. डबे गेले होते. प्रत्येक मंगळवारची मोजणी, प्रत्येक अळी जागच्या जागी. मला आनंदाने रडू फुटलं. मग मी वर, पहिल्या पानावर गेले.

'सादरकर्ता: आदेश मनोहरराव.'

मी ते खोडून माझं नाव लिहिलं. सगळीकडे डबे.

त्याचं नाव परत घातलं. अक्षरं आली.

तीनदा करून पाहिलं.

दुसऱ्या पानावर माझी अर्पणपत्रिका होती, 'कै. आदेशदादास'. तिथे आता 'कै. रोशनीस' होतं.

"रोशनी?" उज्वला म्हणाली. "कोठी गेली वं? मघापासून नुसता भातच दिसून राह्यला."

मी फोनच्या समोरच बसले होते.