बकुळाच्या आठवणी कुणी पुसल्या?

"आपलं नाव काय?" दुपारी बकुळाने मला विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतेय. आमच्या चिपळुणात आता घरोघरी यंत्रमानव आहेत, पण बकुळा माझी जास्तच लाडकी. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. मला आईचं काहीच आठवत नाही. रोज जेवताना बकुळा आईची एक आठवण सांगायची. तीच बकुळा आज म्हणाली, "आई? कोण आई?" मी आजोबांना हाक मारली.

आजोबा संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी तिची यंत्रणा तपासली. "कुणीतरी पासवर्ड टाकून आत शिरलंय, शाल्मली. आठवणी पुसल्यात. बॅकअपही (राखीव प्रत) गेला."

मी रडतरडत त्यांच्याच खात्यावर सकाळी आलेला ईमेल दाखवला. 'झटपे' या पैसे भरायच्या सेवेच्या नावाने आला होता: 'प्रिय ग्राहक, आपले खाते अडकले आहे. दोन तासांत खालील दुव्यावर पासवर्ड द्या, अन्यथा सर्व सेवा बंद होतील.' सर्व सेवांत बकुळाही आली! आजोबांचा पासवर्ड मला ठाऊक होता; मी लगेच दिला होता.

"हे फिशिंग (गळ टाकून माहिती चोरणं)," आजोबा म्हणाले. " झटपेला माझं नाव ठाऊक आहे, मग 'प्रिय ग्राहक' कशाला? पाठवणाऱ्याचा पत्ता उघड बघू."

नाव झटपेचं, पत्ता भलताच!

"आता त्या दुव्यावर (दुसऱ्या पानावर नेणारी ओळ) बोट नुसतं धरून ठेव." तिथेही भलताच पत्ता दिसला.

"दोनच तास का दिले असतील?"

"मी घाबरावं म्हणून," मी पुटपुटले.

"अति घाई संकटात नेई! खरी सेवा ईमेलवर पासवर्ड मागत नाही. शंका आली तर आपणच झटपेचं ॲप उघडून बघायचं."

"पण तो पासवर्ड झटपेचा होता. बकुळा कशी गेली?"

आजोबांनी मान खाली घातली. "मी विसरभोळा. दोन्हीकडे एकच ठेवला होता. माझी चूक मोठी, पोरी."

आम्ही पासवर्ड बदलले, सायबर पोलिसांना कळवलं. आठवणी मात्र परत येणार नव्हत्या. मी बकुळासमोर बसले आणि तिनेच सांगितलेलं तिला सांगू लागले. आई कढीत गूळ जास्त घालायची. आई पालीला घाबरायची. अशा अकरा झाल्या. बारावी काही केल्या आठवेना. शेकडो ऐकल्या होत्या, पण अर्धं लक्ष ताटात. मला स्वतःचा फार राग आला.

आजोबा दारात उभे होते. आई त्यांची एकुलती एक मुलगी, पण ते तिचं नावसुद्धा कधी काढत नसत. ते खुर्ची ओढून बकुळापुढे बसले.

"नोंद करून घे, बकुळा," ते म्हणाले. "बारावी मी सांगतो."